तिसरा पाइप

पनवेलात एक निवृत्त मास्तर राहत होते. त्यांच्याकडे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमच्या गेल्या. मास्तरांची पद्मिनी मात्र दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून घेत, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खटकन पडत, बाजारहाट करत होती. रंग क्रीम, आणि बंपरात बघून भांग पाडावा अशी निगा.

निगेचं वेळापत्रक ठरलेलं होतं. मृग लागायच्या आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून जळक्या ऑइलचा फवारा मारून घ्यायचा. रायगडात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात पत्रा कसा कुजतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. फवारा मारणारा पोरगा हात आखडता घेतोय असं वाटलं, की मास्तर त्याला चहा पाजत आणि आणखी एक हात मारून घेत. दसऱ्याला रॉकेलच्या बोळ्याने चाकांच्या आतल्या बाजूपर्यंत पुसून काढत, मग झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. मास्तरांनी शाळेतल्या पोरांवर एवढी मेहनत घेतली असती तर, असं शेजारी म्हणत. पण शेजारी काय, म्हणतच असतात.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर गाडीने चाल बदलली. ब्रेक दाबला की ती डावीकडे जायची. ब्रेक सोडला की उलट, थोडा वेळ उजवीकडे ओढ घ्यायची. एकदा मास्तर पेणहून येताना कर्नाळ्याची खिंड उतरून पळस्पे फाट्यावर पोचले, तोवर पुढच्या उजव्या चाकातून करपल्याचा वास सुटला होता. त्यांनी बाटलीतलं पाणी ड्रमवर शिंपडलं, तर चर्र करून वाफ झाली.

सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. लायनर गेले असतील, कुणी म्हणालं. लायनर बदलले. अलाइनमेंट करून घ्या, दुसरा म्हणाला. केली. तिसऱ्याने हात झटकले, "जुनी गाडी आहे मास्तर, चालायचंच." आठवड्याने पुन्हा तोच वास आला.

आणि महिनाभरावर पुतण्याचं लग्न येऊन ठेपलं होतं. मुलगी तळेगावची. मास्तरांना एक्सप्रेसवेचा वेग मानवत नसे. ते जायचे-यायचे जुन्या रस्त्याने. म्हणजे परतताना खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत घाट उतरणं आलं. त्या घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना बोरघाटातली वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवून झाल्यावर त्यांनीच त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. घाटातून जाणारे ड्रायव्हर त्याच्यापुढे नाणं टाकतात. मास्तरांनीही इतक्या वर्षांत एकदासुद्धा ते चुकवलं नव्हतं.

जुन्या पुणे रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा मिस्त्री बसत असे. उभी हयात त्याने मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात काढलेली. टॅक्सी संपल्या तसा तो पनवेलला मुलाकडे आला. हाताखाली आयटीआय केलेला एक पोरगा होता. गाडी आत घेताना मिस्त्रीने मास्तरांना काही विचारलं नाही. पुढच्या उजव्या चाकावर हात नेला आणि टेकवण्याआधीच मागे घेतला.

"ब्रेक मारल्यावर डावीकडे, सोडल्यावर उजवीकडे. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिलाच विचारू ना," मिस्त्री म्हणाला आणि पोराला हाक मारली. "जॅक लाव. आणि घोडी ठेव आधी, मगच खाली जा."

चाक उचललं. पोराने दोनदा ब्रेक दाबून सोडला. मिस्त्रीने चाक फिरवायला घेतलं, तर हलेना. पायडलवर कुणाचा पाय नव्हता, तरी चाक आवळलेलंच. मिस्त्रीने चाकामागच्या पाट्यावरची हवा काढायची निप्पल पान्याने जेमतेम पाव वेढा सैल केली. पिचकन काळपट तेल उडालं, आणि त्याच क्षणी चाक मोकळं झालं.

"आत दाब अडकून बसला होता," मिस्त्री म्हणाला. "आता कुठे अडकला ते बघू."

निप्पल बंद केली, पुन्हा ब्रेक दाबून सोडला, पुन्हा चाक आवळलं. या वेळी त्याने निप्पलला हात लावला नाही. वर, जिथे लोखंडी पाइप संपून रबरी पाइप सुरू होतो, तो जोड सैल केला. थोडं तेल ठिबकलं. चाक मात्र जागचं हललं नाही.

"मास्टर सिलेंडरचा दोष असता तर इथे सोडल्यावर चाक सुटलं असतं. नाही सुटलं. म्हणजे अडसर या जोडाच्या आणि चाकाच्या मधे आहे. मधे काय आहे?"

मधे वीतभर लांबीचा रबरी पाइप होता. पुढचं चाक वळतं, खड्ड्यात खालीवर होतं, म्हणून लोखंडी नळी थेट चाकापर्यंत नेता येत नाही. शेवटचा तुकडा रबराचा लागतो. या गाडीत असे तीन. पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागच्या अ‍ॅक्सलला मधोमध एक.

मास्तर वाकले. पाइप काळा, तुळतुळीत दिसत होता. चिरा नाहीत, कुठे ओल नाही.

"याला काय झालंय? चकचकीत तर आहे."

"चकचकीतच आहे." मिस्त्रीने त्यावर बोट दाबलं. बोटाचा ठसा रबरात उमटला आणि बराच वेळ तसाच राहिला. "हे कसं झालं? खालून काही मारता का?"

मास्तरांनी मोठ्या अभिमानाने मृगाआधीचा फवारा सांगितला. रॉकेलचा बोळाही सांगितला. मिस्त्री जरा गप्प बसला. खरं तर त्याला हसू येत होतं, पण मास्तरांचं वय पाहून त्याने ते आवरलं.

"मास्तर, जळकं ऑइल पत्र्याला औषध आहे. ब्रेकच्या रबराला तेच विष. रॉकेलही तसंच. रबर ते पितं, फुगतं, मऊ पडतं. लोखंड वाचवलंत आणि लोखंड ज्याच्या भरवशावर थांबतं, तेच कुजवलंत. सेवा केलीत हो तुम्ही गाडीची, पण तिच्याकडे पाहिलं नाहीत."

मास्तरांना हे लागलं. पस्तीस वर्षं गाडी सांभाळलेल्या माणसाला असं कुणी ऐकवू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

मिस्त्रीने स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतलं आणि डाव्या चाकाचा पाइप बोटांत धरून वाकवला. सरळ असताना जिथे काही दिसत नव्हतं, तिथे वाकवल्याबरोबर बारीक आडव्या चिरा उघडल्या. मग पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. चिरांच्या जागी पाइपाला फुगवटा आला. पाय उचलताच बसला.

"टायरात तीस पौंड हवा असते," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही घाबरून ब्रेकवर पाय दिलात की या पाइपात त्याच्या वीस-पंचवीस पट दाब येतो. घाटात हा फुगा फुटला तर पाय फळीला लागेल आणि गाडी तशीच चालत राहील."

मागचा पाइप त्याने वाकवला, दाबला, ब्रेक धरून पाहिला. चिरा नाहीत, फुगवटा नाही, बोट रुतत नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"चला, एक तरी वाचला. दोनच घालायचे."

"तिन्ही घालायचे."

"का बरं? याला काय झालंय?"

"याचं वय झालंय. तिघं एकाच दिवशी गाडीत बसले होते."

इथे मास्तरांच्या मनात तेच आलं जे आपल्या सगळ्यांच्या मनात येतं. मिस्त्री बिल वाढवतोय. डॉक्टरने जास्तीची तपासणी लिहून दिली की जो चेहरा होतो, तो मास्तरांचा झाला. बंपरच्या पॉलिशला दरवर्षी याहून जास्त पैसे जात होते, पण त्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. पॉलिश दिसतं, पाइप दिसत नाही. तरी लग्नाचा घाट डोळ्यांसमोर होता म्हणून ते हो म्हणाले.

पाइप पनवेलात मिळाले नाहीत. मास्तर म्हणाले, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात भंगार गाड्यांचे मिळतील, स्वस्तात. मिस्त्रीने नुसती मान हलवली. मग मास्तरांच्या भाच्याने मुंबईच्या ऑपेरा हाउसकडच्या एका दुकानातून नवे आणून दिले, पाकीटबंद. मिस्त्रीने पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि पाइपावर छापलेली तारीख वाचली. बारा वर्षांपूर्वीची.

"परत द्या."

"अहो, नवाकोरा आहे! वापरलाच नाही कुणी."

"गाडीत वापरा नाहीतर दुकानात टांगून ठेवा, रबराचं वय थांबत नाही. हे आधीच अर्धे म्हातारे आहेत."

भाचा चरफडत पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला ताजे मिळाले.

काम सुरू झालं. पोराने नेहमीचा उघडा पाना काढून लोखंडी पाइपाच्या नटाला लावला, तर मिस्त्रीने त्याच्या मनगटावर हलकी चापट मारली. त्या नटाचे कोपरे एकदा झिजले की नट सुटत नाही, आणि जोर करावा तर लोखंडी पाइपच पिळवटतो. त्याने कपाटातून सगळ्या बाजूंनी नट पकडणारा, एका फटीतून पाइपावर सरकवता येणारा पाना काढला. दुसऱ्या पान्याने रबरी पाइपाचं टोक धरून ठेवलं आणि मगच नट फिरवला. नवा पाइप बसवताना पोराने तो घट्ट केला, पण रबरावरची पांढरी रेघ वळसा घेऊन गेलेली मिस्त्रीला दिसली. त्याने काहीही न बोलता तो सोडवून पुन्हा बसवायला लावला. रेघ सरळ आली. क्लिप कंसात ठोकली. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, चाक खाली सोडून आणि वर उचलून पाहिलं, की पाइप कुठे ताणतोय का, टायरला घासतोय का. या तपासणीला पाइप बसवण्याहून जास्त वेळ गेला. मास्तर स्टुलावर बसून हे सगळं बघत होते आणि त्यांचा राग थोडा थोडा उतरत होता. शिक्षकाला दुसरा चांगला शिक्षक ओळखू येतोच.

जुनं तेल एका बरणीत काढलं होतं. मास्तरांनी ते उजेडात धरलं. "हे गाळून परत घालता येईल का?" त्यांनी विचारलं. काटकसर जन्माची.

"ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आपली हवा कशी आहे तुम्हाला माहीत आहे. ताजं डॉट-३ दोनशे पाच अंशांना उकळतं. पाणी मुरलं की एकशे चाळीसलाच उकळायला लागू शकतं. घाटात ड्रम तापले, तेल उकळलं, वाफ झाली, की पायडल नुसतं खाली जातं. तेव्हा पाइप कितीही नवा असला तरी उपयोग नाही. दोन वर्षांनी बदलत जा."

बाटलीचं सील मास्तरांसमोर फोडून टाकी भरली. हवा काढायला सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बरणीतल्या तेलात बुडवलेलं. पोरगा पायडलवर, मिस्त्री खाली.

"दाब. धर. धरून ठेव. हां, सोड. दाब..."

नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले, मग अखंड तेल आलं. अधूनमधून मिस्त्री टाकीतलं तेल बघायला सांगे, कारण ती रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. एका चाकाला ही कवायत जवळजवळ चहा थंड होईपर्यंत चालली. पुढच्या मडगार्डवर दोन थेंब उडाले तेव्हा पोराने फडकं उचललं. मिस्त्रीने आधी पाणी ओतायला लावलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मास्तरांना हा माणूस तिथे पहिल्यांदा मनापासून आवडला.

शेवटी मिस्त्रीने तिन्ही जुने पाइप फळीवर ठेवले आणि ब्लेडने उभे चिरले.

उजव्या चाकाचा पाइप बाहेरून जाड होता, आत जागाच नव्हती. आतलं अस्तर सुतापासून सुटून एका बाजूने लोंबत होतं आणि भोक सुईच्या नेढ्याएवढं उरलं होतं. "पायाचा जोर तेल आत ढकलतो. परत यायला मागे जोर नाही, फक्त स्प्रिंग. हा पापुद्रा मधे झडप होऊन बसला," मिस्त्रीने टोकाने उचलून दाखवलं. डाव्या पाइपात बाहेरच्या चिरांखालचं सूत तांबूस पडून तुटायला आलं होतं.

तिसरा चिरला. आत सगळं ठीक होतं. अस्तर गुळगुळीत, सूत घट्ट, भोक पूर्ण.

मास्तर वाटच बघत होते. "बघा! हा तर उत्तम होता. उगाच बदललात."

"उत्तमच होता," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "पण तो उत्तम आहे हे चिरल्यावर कळलं ना? न चिरता कळलं असतं तर मी त्याला हातही लावला नसता."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना तर्कशास्त्र नसलं तरी गणित शिकवलं होतं. यात त्यांना चूक सापडेना.

"आणि मास्तर," बिल लिहिता लिहिता मिस्त्री म्हणाला, "शिंगरोबाला नाणं टाकता ते टाकाच. पण निघायच्या आधी चाकामागे एक नजरही टाकत जा. नाण्याहून स्वस्त पडते."

लग्नाला मास्तर गेले. जाताना गाडी सरळ थांबत होती, चाकं गार होती, सांगण्यासारखं काही घडलं नाही. ज्याचे ब्रेक लागतात त्याच्याकडे कधीच सांगण्यासारखी गोष्ट नसते, म्हणून अशा माणसांचं कौतुकही होत नाही.

तळेगावच्या कार्यालयात पंगती चालल्या होत्या आणि मास्तर बाहेर आवारात फिरत होते. सवय नवी होती, आवरत नव्हती. रेशमी झब्बा घालून, मोबाइलचा दिवा लावून ते एकेका पाहुण्याच्या चाकामागे उकिडवे बसत होते. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना विचारलं, "यांचं काही हरवलंय का?" वरमाईने सांगितलं, "नाही, ते आमचे भाऊजी आहेत."

वऱ्हाड आणायला पनवेलहून भाड्याची ट्रॅव्हलर आली होती. ती रात्री नवरानवरी आणि घरची मंडळी घेऊन घाट उतरणार होती. तिच्या पुढच्या डाव्या चाकामागे मास्तर जास्त वेळ बसले. पाइप धरून ठेवणारी क्लिप तिथे नव्हतीच. मोकळा पाइप वळणावर टायरला घासून घासून एका बाजूने सपाट झाला होता आणि वरचं रबर जाऊन आतलं सूत बाहेर आलं होतं.

ड्रायव्हरला बोलावलं. तो आधी तडकला. "काका, परवाच फुल्ल सर्व्हिसिंग केलंय. धुऊन, ग्रीसिंग करून, खालून स्प्रे मारून आणलीय. बघा कशी चमकतेय."

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "तू स्वतः वाकून बघ आणि मग मला बोल."

ड्रायव्हर वाकला. दिवा मास्तरांनी धरला. तो उठला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. त्याने मालकाला फोन लावला, फोटो पाठवला, आणि ही गाडी मी रात्री घाटात नेणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. इथे मला त्या ड्रायव्हरचं जास्त कौतुक वाटतं. मास्तरांचं काय, ते पेन्शनीत होते; याची रोजी त्या गाडीवर होती.

दुसरी गाडी यायला अडीच-तीन तास लागणार होते. नवरदेवाचे मामा संतापले. गृहप्रवेशाला घरी भटजी ताटकळणार, बायका दागिने घालून अवघडून बसणार, पोरं झोपेला आलेली. ते तरातरा मास्तरांसमोर येऊन उभे राहिले.

"काय हो मास्तर, येताना आलीच ना ती गाडी याच पाइपावर? सगळं वऱ्हाड खोळंबलं. खरं सांगा, घाट उतरताना काही झालं असतं का?"

मास्तरांनी मोबाइलचा दिवा बंद केला.

"कुणाला ठाऊक? कदाचित नसतंही झालं. पण ते कळायला घाट उतरावा लागला असता."

मामांनी एकदा ट्रॅव्हलरकडे पाहिलं, एकदा मांडवातल्या नवरीकडे. मग ते ड्रायव्हरकडे वळले आणि दुसरी गाडी कुठपर्यंत आली ते विचारू लागले.